डिशवॉशरला कुणी सांगितलेच नाही

रविवारी साडेतीनच्या कॉफीला आलेल्या झिल्केने आधी कोट काढून खुंटीला लावला, मग आईच्या गालाला गाल टेकवला आणि मग ओट्यावरचा एक ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला. गेले काही महिने हाच क्रम होता. पूर्वी ती घरात आल्याबरोबर केक कुठला आहे ते बघायची.

ग्लास पांढुरका होता. सकाळीच मशीनमधून निघालेला, धुतलेला, वाळलेला, आणि तरीही कुणी पिठाच्या हाताने धरल्यासारखा. झिल्केने तो फिरवून पाहिला, नाकाशी नेला, खाली ठेवला आणि दुसरा उचलला. तिच्या मागे तिचा नवरा फोल्कर उभा होता. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून रविवारी सासूच्या ग्लासांत डोकावणे म्हणजे त्याला सुट्टीच होती. त्याने काट्याच्या दातांत अडकलेले अंड्याचे पिवळे बोटाच्या नखाने काढले आणि बायकोला दाखवले. न बोलण्यात दोघांचा हात धरणारे वुर्झबुर्गमध्ये कुणी नव्हते.

"मम्मा," शेवटी झिल्के म्हणाली, "हे असं किती दिवस चालायचं गं?"

'असं' म्हणजे काय ते इर्मगार्डला चांगले ठाऊक होते. असं म्हणजे चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्या घरी एकटीने राहणे. त्यावरचे औषधही झिल्केने शोधून ठेवले होते. नदीपलीकडे लिंडनहोफ नावाचे वृद्धांसाठीचे घर होते. तिथे खोली मिळायची, पडदे मिळायचे, दारावर रोज टकटक करून 'आज कसं वाटतंय?' विचारणारी एक गोड बाई मिळायची. मिळायचे नाही ते फक्त स्वयंपाकघर. पाणी उकळायची एक किटली ठेवायला मात्र परवानगी होती. एक खोली आता रिकामी झाली होती, आणि कशी रिकामी झाली हे कुणी विचारत नव्हते. पुढच्या रविवारपर्यंत हो की नाही सांगायचे होते.

"पुढच्या रविवारी आमच्याकडे जेवायला ये," झिल्के म्हणाली. "तेव्हा शांतपणे ठरवू."

शांतपणे ठरवू म्हणजे ठरलेले आहे ते शांतपणे ऐक, एवढे मराठीत काय आणि जर्मनमध्ये काय, कुठल्याही आईला कळते. इर्मगार्डने प्लमचा केक कापला. मोठे तुकडे कापले, म्हणजे तोंडे भरलेली राहतील.

एक वर्षापूर्वीपर्यंत ती ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातल्या एका गावात राहत होती. नवरा ओटमार गेला आणि झिल्केने तिला आपल्यापासून तीन गल्ल्यांवर आणून ठेवले. स्वयंपाकघर अर्थात बरोबर आले. इथली माणसे घर बदलताना एक वेळ नवऱ्याला मागे ठेवतील, पण स्वयंपाकघर मागे ठेवणार नाहीत. ओटा, कपाटे, शेगडी, नळ, डिशवॉशर, सगळ्याचे स्क्रू काढायचे, ट्रकमध्ये घालायचे आणि नव्या घराच्या भिंतीला पुन्हा ठोकायचे. एखादे कपाट मावले नाही तर भिंतीला दोष द्यायचा. डिशवॉशरची जोडणी फोल्करने स्वतः केली होती. त्याच्या खालच्या कप्प्यात पिशवीभर मीठ ओतून, हात झटकत तो म्हणाला होता की आता वर्षभर बघायला नको. या देशात डिशवॉशरला मीठ लागते हे लहान मुलालाही माहीत असते. ते कशाला लागते, हे मात्र मोठ्यांनाही विचारू नये.

तसा त्या मशीनशी इर्मगार्डचा कधी संबंधच आला नव्हता. लग्नाच्या नवऱ्याला तिने खूप गोष्टी करू दिल्या नव्हत्या, पण डिशवॉशर त्याचा होता. ती भांडी लावायची, आणि तो येऊन ती सगळी काढून पुन्हा लावायचा. ताटल्यांची तोंडे एका दिशेला, वाट्या तिरक्या, काटे दातांवर. पाहुणे आले की बायका गप्पा मारत बसायच्या आणि ओटमार आत बशा रचत बसायचा, जणू चर्चमध्ये दिवे लावतोय. मग एकदा त्याने सगळ्या ताटल्या उलट्या लावल्या. काही आठवड्यांनी मशीनमध्ये पाव सापडला. कापलेला, ओळीत उभा केलेला, तोंडे एका दिशेला. त्याचे विसरणे तिथून सुरू झाले, आणि दोन वर्षांत त्याला झिल्केचे नावही सांगता येईना.

म्हणून झिल्के ग्लास उजेडात धरत होती. लोक कॉफीच्या गाळात भविष्य बघतात, ती डिशवॉशरमध्ये बघत होती. इर्मगार्डला राग यायचा तो याचाच, की रागवायलाही नीट जागा नव्हती. आणि त्याहून वाईट म्हणजे, रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला स्वतःलाच वाटायचे, खरेच आपण काहीतरी विसरतोय का? साबणाची गोळी घालायची राहते का? बटण भलतेच दाबतोय का? असे कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण सांगणे म्हणजे लिंडनहोफच्या पडद्यांचा रंग निवडणे.

सोमवारी सकाळी तिने ॲप्रन बांधला, मशीनचे दार उघडले आणि त्याच्यासमोर पायपुसणे टाकून गुडघ्यांवर बसली.

पहिला आरोप वासाचा होता. त्या वासावर झिल्केने महिन्यापूर्वीच उपाय सांगितला होता, तिने तो फोनवरच्या कुठल्याशा हसऱ्या बाईकडून शिकला होता: अर्धे लिंबू चमच्यांच्या टोपलीत खोचायचे, की मशीन कसे बागेसारखे दरवळते. इर्मगार्डने इमानाने लिंबे खोचली होती. मशीन दरवळले होते, पण ज्या बागेत कुणीतरी मेलेले आहे अशा बागेसारखे. आता तिने खालचा जाळीचा डबा फिरवून बाहेर काढला आणि तोंड फिरवले. आत काय नव्हते? भाताची शिते, चिकटलेले कागदाचे लेबल, एक काचेचा तुकडा आणि या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारी करडी चरबी. अशी चरबी की तिच्यावर नाव कोरता आले असते. डबा वर्षभर कुणी काढलाच नव्हता. ओटमार दर शनिवारी काढायचा. तो ते न बोलता करायचा, म्हणून ते होते हेच कुणाला ठाऊक नव्हते.

तिने जुन्या दात घासायच्या ब्रशने जाळी घासली, गरम पाणी आणि साबणाने, डोळ्यासमोर धरून आरपार दिसेपर्यंत. दाराच्या रबराच्या घडीत बोट घालून फडके फिरवले, तर फडके काळे आले. जावयाने त्यावरही सल्ला दिला होता, की आत बाटलीभर व्हिनेगर ओत आणि चालू कर. पण रबराला रोज व्हिनेगर पाजले तर ते कडक होऊन चिरते, हे तिला लोणच्याच्या बरण्यांवरून माहीत होते. दातांच्या डॉक्टरने बहुधा लोणची कधी घातली नव्हती.

दुसरा आरोप काट्यावरच्या अंड्याचा. पाणी उडवणारा पंखा तिने वर ओढून काढला आणि कानाशी धरून हलवला. आत खुळखुळले. चिमट्याने, सुईने, टूथपिकने एकेका भोकातून तिने कारण बाहेर काढले आणि ओट्यावर ओळीत मांडले. लिंबाच्या बिया. झिल्केच्या बागेने पंख्याची अर्धी भोके बुजवली होती. आईचा वास घालवायला निघालेल्या लेकीने आईचे काटे खरकटे ठेवले होते आणि मग ते खरकटे आईच्या नावावर लावले होते. इर्मगार्ड मोठ्याने हसली. रिकाम्या घरात आपलेच हसणे ऐकून ती जरा दचकली, पण पुन्हा हसली.

मग तिने बटणांकडे नीट बघितले. विजेची बचत म्हणून फोल्करने तिला कायम सगळ्यात मंद, कोमट धुलाईवर चालवायला सांगितले होते. कोमट पाण्यात चरबी वितळत नाही, ती फक्त जागा बदलते. तिने मशीन रिकामेच सगळ्यात गरम धुलाईवर चालवले, मग दुसऱ्या दिवशी भांडी घालून चालवले. वास गेला. काटे लख्ख निघाले. ग्लास मात्र तसेच, पिठूळ, कुणाचा बाप येऊ दे.

बुधवारी तिने एक ग्लास घेतला, फडक्यावर थोडे व्हिनेगर घेऊन अर्धा पुसला. पुसलेला अर्धा भाग काचेसारखा दिसू लागला, जो तो मुळात होताच. म्हणजे काच बिघडलेली नव्हती, वर थर बसत होता. पाण्यातला चुना. पण मग मीठ काय करत होते? तिने तळाचा मिठाचा कप्पा उघडला. मीठ काठोकाठ होते. फोल्करने वर्षापूर्वी ओतले तसेच्या तसे, एक चमचाही कमी नाही. वर्षभर मीठ न संपणारे घर तिने आयुष्यात पाहिले नव्हते.

ती तिथेच बसून राहिली. काहीतरी होते जे तिला कळत होते आणि हाताला लागत नव्हते. आणि ओटमारलाही असेच व्हायचे, हा विचार आलाच. तो तिने ॲप्रनला हात पुसावा तसा पुसून टाकला आणि चहाला पाणी ठेवायला उठली.

किटलीचे झाकण उघडले तर तळाला पांढरी कवचे. मागच्याच आठवड्यात तिने ती साफ केली होती. गावाकडे तीच किटली कितीतरी वर्षे होती आणि तिच्यात कधी एक ठिपका दिसला नव्हता.

इर्मगार्ड किटली हातात धरून उभी राहिली आणि मग तशीच, ॲप्रनमध्ये, समोरच्या दारावर गेली. तिथे श्रीयुत पेट्रिच, इथल्या भाषेत हेर पेट्रिच, राहायचे. निवृत्त गृहस्थ, बायको नाही, मासे भरपूर. जिन्यात भेटले की माशांच्या तब्येतीबद्दल इतके बोलायचे की लोक लिफ्टची वाट न बघता चालत जायचे.

"हेर पेट्रिच, एक विचारू का? इथलं पाणी कसं आहे हो?"

कुणीतरी अखेर विचारले म्हणून हेर पेट्रिच यांचा चेहरा उजळला. इथले पाणी चुनखडीच्या डोंगरातून येते, इतके जड की त्यांच्या डोंगरी माशांना ते दोन दिवसही सोसत नाही. पाण्याचा जडपणा दाखवणारी एक कागदाची पट्टी घेऊन ते तिच्या स्वयंपाकघरात आले. ती तिच्या नळाखाली धरली आणि पट्टीचे सगळे चौकोन लाल झाले.

"बघा, फ्राउ ब्राइटलिंग," ते इर्मगार्डला समाधानाने म्हणाले. "हे पाणी नाही, पातळ केलेला दगड आहे. तुम्ही डोंगरातल्या ना? तिकडचं पाणी म्हणजे पावसासारखं हलकं. माझे मासे तिकडे राहिले असते तर शंभर वर्षं जगले असते."

आता तिला कळले. मशीन नवे आले त्या दिवशी ओटमारने पुस्तिकेतून वाचून दाखवले होते, की मशीनला पाणी किती जड आहे ते आकड्यात सांगावे लागते. त्या आकड्याप्रमाणे ते मीठ घेते आणि चुना काढते. गावी हलके पाणी, म्हणून त्याने तेव्हाच आकडा शून्यावर ठेवला होता. चुना नाही तर मीठ कशाला? स्वयंपाकघर ट्रकमध्ये चढले, उतरले, भिंतीला लागले, मिठाने भरले. सगळ्यांनी सगळे केले. फक्त, आपण आता डोंगरात नाही, हे मशीनला कुणी सांगितलेच नाही.

माहितीपुस्तिकांची ओटमारची अख्खी फाईल झिल्केने सामान बांधताना रद्दीत घातली होती. 'तुला हे काही लागणार नाही, मम्मा.' त्यामुळे इर्मगार्डने जोड्याजोड्याने बटणे दाबून पाहिली, ओटमारला ज्याचा मनस्वी तिटकारा होता तशी. मशीनने शिट्टी मारली, दिवे लावले, विझवले, नाराजी दाखवली. शेवटी दोन बटणे एकदम धरल्यावर छोट्या खिडकीत एक आकडा लुकलुकायला लागला.

शून्य.

ते शून्य ओटमारने ठेवलेले होते. त्याच्या बोटाने, त्याची बोटे बरोबर चालत होती तेव्हा. इर्मगार्डला एकदम रडू आले आणि ती रडली. सुटल्यासारखीही रडली, कारण तिचे डोके जागेवर होते. आणि त्याच्यासाठीही रडली, कारण घरात त्याच्या हाताचे जे बरोबर असलेले शेवटचे काहीतरी उरले होते ते आता तिला बदलायचे होते. मग नाक पुसून तिने बटण सहा वेळा दाबले.

"ओटमार, आपण घर बदललंय," ती मशीनला म्हणाली, आणि दार लावले.

शनिवारपर्यंत ग्लास असे झाले की उचलताना सापडेनात. जुना थर तिने व्हिनेगरने पुसून काढला होता, नवा बसत नव्हता. मिठाच्या कप्प्यातले मीठ बोटभर खाली गेले होते. तिचा जीव भांड्यात पडला. तिने एक ग्लास फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला, रविवारी पुरावा म्हणून न्यायला. आपल्याला शहाणी ठरवायला काचेचा ग्लास घेऊन लेकीच्या घरी जावे लागते, याची तिला लाज वाटली. पण नेला.

झिल्केचे घर टेकडीवर होते, खाली द्राक्षांचे मळे. टेबलावर पांढरे कापड, भाजलेले मांस, बटाट्याचे गोळे आणि टेबलाच्या टोकाला, मिठाच्या शेजारी, लिंडनहोफचे चकचकीत माहितीपत्रक. मुखपृष्ठावरची म्हातारी इतकी आनंदात होती की तिला नक्कीच काही विचारले नसणार.

इर्मगार्डने ग्लास पुढे केला आणि सगळे सांगितले. जाळी, बिया, आकडा. बियांचे सांगताना ती लेकीकडे न बघता बटाट्याकडे बघत होती, एवढी माया तिने ठेवली. फोल्करने ग्लास उजेडात धरला. बराच वेळ धरला. दात असता तर त्याने किडलेला ठरवला असता.

"छान," तो म्हणाला. "नवीन आणलास का, इर्मगार्ड?"

झिल्केने आईच्या हातावर हात ठेवला. "मम्मा, प्रश्न ग्लासांचा नाहीये गं. बाबांचंही असंच छोट्या छोट्या गोष्टींनी सुरू झालं होतं. तेव्हा मी बघितलं नाही. मला पुन्हा तसं नाही करायचं."

हे ती खरे बोलत होती, तिच्या ओठांवरून कळत होते, आणि इर्मगार्डला तिला जवळ घ्यावेसे वाटले. पण जवळ घेतले असते तर सह्यासुद्धा झाल्या असत्या. म्हणून तिने फक्त तो हात थोपटला आणि समोरचा वाइनचा ग्लास उचलला. फोल्करने त्यात मळ्यातली पांढरी वाइन ओतली होती आणि पाण्याचे कौतुक सुरू केले होते. त्याने तळघरात पाणी हलके करणारे मोठे यंत्रच बसवून घेतले होते, अख्ख्या घरासाठी. त्यामुळे त्यांच्याकडे चुना हा विषयच नव्हता. शिवाय डिशवॉशरचा आकडाही त्याने सगळ्यात वर ठेवला होता, खबरदारी म्हणून.

इर्मगार्डने ग्लास खिडकीकडे धरला. लेकीच्या सवयी आईलाही लागतात. ग्लास धुरकट होता. पिठूळ नाही, धुरकट, आणि कडेला पेट्रोल सांडल्यासारखे रंग.

"झिल्के, सॅलडचं व्हिनेगर दे जरा."

तिने रुमालावर व्हिनेगर घेतले आणि काच पुसली. दोघे बघत होते. पुन्हा पुसली, जोर लावून. धूर गेला नाही. दुसरा ग्लास पुसला, झिल्केचा. तोही तसाच. लग्नात मिळालेले क्रिस्टलचे ग्लास होते, बारा, त्यातला अजून एकही फुटला नव्हता म्हणून झिल्के अभिमानाने सांगायची.

"हे निघायचं नाही," इर्मगार्ड म्हणाली. "माझ्या ग्लासांवर थर होता, तो पुसला गेला. तुमची काचच खाल्ली गेलीय. हलकं पाणी आणखी हलकं करून घातलं की ते काचेतलंच काहीबाही काढून घेतं. किती वर्षं झाली असं?"

फोल्करने आपला ग्लास उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला. त्या घरात रोज हेच ग्लास टेबलावर येत होते, आणि ते कुणी उजेडात धरले नव्हते. धरायचे ग्लास तीन गल्ल्या पलीकडे होते.

इर्मगार्डने लिंडनहोफचे माहितीपत्रक उचलले, उलटसुलट पाहिले आणि जावयाच्या ताटलीशेजारी ठेवले.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. "ज्या दिवशी मी मशीनमध्ये पाव ठेवीन, त्या दिवशी ये आणि मला घेऊन जा. मी भांडणार नाही. पण तोवर ग्लास बघायला येऊ नकोस, केक खायला ये."

झिल्के खाली बघून बटाटा चिरत राहिली. बटाट्याचे फार लहान तुकडे झाले. फोल्करने विषय हवामानावर नेला. घरी जाताना इर्मगार्डला रस्ताभर वाटत राहिले, की आपण जरा जास्तच बोललो, आणि खोलीचे तर कुणी नाही म्हटलेच नाही.

सोमवारी दुपारी फोन वाजला. झिल्के दबक्या आवाजात बोलत होती, मागे नळ सोडून ठेवला होता, म्हणजे फोल्करला ऐकू जाऊ नये. लिंडनहोफला नको म्हणून कळवले होते. ते तिने इतक्या घाईने सांगितले, जणू भाजीवाल्याला सांगितले असावे. मग तिने नळ आणखी मोठा केला.

"मम्मा, तो आकडा खाली कसा आणायचा? दोन बटणं दाबायची म्हणालीस, ती कुठली?"

इर्मगार्डला ती बटणे पाठ होती. पण तिने आधी खुर्ची ओढली, नीट बसली, आणि वर्षभर जो गोड, काळजीचा आवाज ती कानांनी ऐकत आली होती तो हुबेहूब काढून म्हणाली,

"सांगते हं. पण आधी मला खरं सांग, राजा, तुम्हां दोघांना घर झेपतंय ना?"